गॅसबत्तीचं वय कसं ओळखायचं? – जुनी पेट्रोमॅक्स, तिची दुरुस्ती आणि वर्गातला एक पाठ



'इतिहासाची साधने' हा घटक शिकवताना आपण भौतिक, लिखित आणि मौखिक असे तीन प्रकार फळ्यावर लिहितो. उदाहरणं देतो ती नाणी, ताम्रपट, किल्ले, ओव्या यांची. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. कारण ताम्रपट काही कोणी घरी पाहिलेला नसतो. पण गावातल्या बऱ्याच माळ्यांवर, देवळाच्या कोठीत किंवा मंडळाच्या पेटीत एक वस्तू अजून पडलेली असते, ती म्हणजे गॅसबत्ती. कोणी तिला पेट्रोमॅक्स म्हणतं, कोणी नुसतं 'बत्ती'. या एकाच वस्तूत तिन्ही साधनं सापडतात. वस्तू हे भौतिक साधन, तिच्यावर ठोकलेली अक्षरं हे लिखित साधन आणि आजोबांची आठवण हे मौखिक साधन. शिवाय विज्ञानाचे तीन-चार धडे फुकट मिळतात.

या लेखात मी तीन गोष्टी मांडते आहे. बत्ती चालते कशी, तिचं वय कसं काढायचं आणि ती नीट कशी करायची (म्हणजे खराब न करता). शेवटी वर्गात घेण्यासारखे उपक्रम दिले आहेत.

१) आधी एक फरक समजून घेऊ : कंदील वेगळा, गॅसबत्ती वेगळी

मुलं दोन्हीला कंदीलच म्हणतात. कंदिलात वात असते. वात रॉकेल वर ओढते आणि ते पिवळ्या ज्योतीने जळतं. आपल्या महाराष्ट्रात कंदील म्हटलं की 'प्रभात' हे नाव जुन्या माणसांच्या तोंडी येतं. कऱ्हाडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानात, ओगले बंधूंनी १९१६ साली काचेचा कारखाना काढला. ते ठिकाण आज ओगलेवाडी म्हणून ओळखलं जातं. तिथले प्रभात कंदील घरोघरी पोचले.

गॅसबत्तीत वात नसते. टाकीत हवा भरून दाब तयार करायचा, त्या दाबाने रॉकेल तापलेल्या नळीत चढतं, तिथे त्याची वाफ होते, ती वाफ हवेत मिसळून जळते आणि त्या आचेने एक जाळी पांढरीशुभ्र चमकते. म्हणजे उजेड ज्योतीचा नसतो, जाळीचा असतो. 'गॅस' हे नाव रॉकेलच्या या वाफेवरून पडलं. सिलिंडरच्या गॅसशी तिचा संबंध नाही.

२) बत्तीचे भाग आणि त्यांचं काम

बत्ती समोर ठेवून खालून वर जायचं, म्हणजे मुलांना क्रम लक्षात राहतो.

– टाकी : बहुधा पितळेची, वरून निकेलचा मुलामा. मोठ्या बत्तीत साधारण एक लिटर रॉकेल मावतं आणि तेवढ्यात ती आठेक तास जळते. म्हणजे रात्रभराचं कीर्तन एका टाकीत निघायचं.
– पंप : आत चामड्याचं वायसर असतं. सायकलच्या पंपासारखंच काम. पंपाच्या तळाला एक झडप असते. ती हवा आत जाऊ देते, परत येऊ देत नाही.
– झाकण आणि त्यावरचा स्क्रू : काही बत्त्यांत झाकणावरच दाब दाखवणारं छोटं घड्याळ असतं. स्क्रू सैल केला की हवा निघून जाते आणि बत्ती विझते.
– जनरेटर : रॉकेलची वाफ करणारी नळी. रॉकेल साधारण १५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळतं, म्हणून ही नळी आधी तापवावी लागते.
– स्पिरिटची वाटी : नळी तापवण्यासाठी. यात स्पिरिट ओतून पेटवायचं.
– निपल आणि पिन : निपलला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून वाफ जोरात बाहेर पडते. काजळीने भोक बंद झालं की चाक फिरवून आतल्या पिनने ते साफ करायचं. 'पिन मारणे' हा शब्द यातूनच आला. स्टोव्हलाही तो लागू आहे.
– मिश्रण नळी : जोरात सुटलेली वाफ बाजूची हवा आपल्याबरोबर ओढून घेते. दोन्ही मिसळून मगच जळतात, म्हणून ज्योत निळी येते आणि धूर होत नाही.
– मेंटल : चमकणारी जाळी.
– काच आणि वरचा टोप.

मेंटल हा मुलांचा सर्वांत आवडता भाग. नवी मेंटल म्हणजे क्षारांच्या पाण्यात भिजवून वाळवलेली कापडी पिशवी. ती बांधून एकदा जाळली की कापड निघून जातं आणि धातूंच्या ऑक्साइडचा सांगाडा उरतो. तो बोटाच्या धक्क्यानेही मोडतो. जुनी माणसं पेटलेली बत्ती हलवू देत नसत, त्याचं कारण हेच.

ही जाळी ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी शोधली. १८८५ साली त्यांनी पहिलं पेटंट घेतलं, पण त्या जाळीचा उजेड हिरवट यायचा. प्रयोग करत करत १८९१ साली त्यांना योग्य प्रमाण सापडलं : ९९ भाग थोरियम ऑक्साइड आणि १ भाग सिरियम ऑक्साइड. एक टक्क्याने किती फरक पडतो, हे शतमान शिकवताना सांगायला फार छान उदाहरण आहे.

इथे आपल्या देशाचा धागा जुळतो. थोरियम मोनाझाइट नावाच्या वाळूत मिळतं. १९०९ साली शोमबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोर संस्थानातून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट आढळलं. तिथून ही वाळू मेंटलच्या धंद्यासाठी परदेशी जाऊ लागली. म्हणजे वाळू आपली, जाळी त्यांची, आणि विकत घेणारे पुन्हा आपण! पारतंत्र्यातला कच्चा माल आणि पक्का माल हा मुद्दा पुस्तकात कापसावरून येतो, तो मेंटलवरूनही सांगता येतो. स्वातंत्र्यानंतर १९५५ पासून मुंबईजवळ तुर्भ्याला (ट्रॉम्बे) मेंटलसाठी लागणारं थोरियम नायट्रेट तयार होऊ लागलं.

३) पेट्रोमॅक्स हे नाव कुठून आलं?

बर्लिनमध्ये १८६६ साली अल्बर्ट ग्रेट्झ आणि एमिल एरिश यांनी दिव्यांचा कारखाना काढला. अल्बर्ट यांचे चिरंजीव मॅक्स ग्रेट्झ यांनी १९१० च्या सुमारास रॉकेलच्या दाबावर चालणारी बत्ती आणली. पेट्रोलियम आणि मॅक्स मिळून झालं 'पेट्रोमॅक्स'. आपल्याकडे हे नाव इतकं रुजलं की कोणत्याही कंपनीची गॅसबत्ती पेट्रोमॅक्सच झाली. डालडासारखंच हे. विशेषनामाचं सामान्यनाम कसं होतं, याचं हे व्याकरणातलं उदाहरण.

बत्तीवर '५०० सीपी' असं लिहिलेलं दिसतं. सीपी म्हणजे कॅन्डलपॉवर, इतक्या मेणबत्त्यांचा उजेड. जर्मनीत विकायच्या बत्त्यांवर याच जागी 'एचके' असायचं, तेही मेणबत्तीचंच जर्मन माप. म्हणजे सीपी लिहिलेली बत्ती बाहेरदेशी पाठवण्यासाठी होती, एवढं त्या दोन अक्षरांवरून कळतं.

४) वय काढायचं कसं?

'ही बत्ती इंग्रजांच्या काळातली आहे' हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. मुलांना मी एक नियम देते : वस्तूवरचा सर्वांत नवा पुरावा शोधा. वस्तू त्याच्या आधीची असू शकत नाही. (निदान तो भाग तरी नाही.) पुरावे असे :

अ) देशाचं नाव. ब्रिटनने १८८७ साली कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावलं. हिंदुस्थानातही १८८९ साली मालावरच्या खुणांचा कायदा झाला. 'मेड इन जर्मनी' ही अक्षरं त्या काळापासूनची. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरला, १९४९ साली देशाचे दोन भाग झाले आणि १९९० साली ते पुन्हा एक झाले. म्हणून 'वेस्ट जर्मनी' असं लिहिलेली वस्तू १९४९ ते १९९० च्या दरम्यानची. पण लक्षात ठेवा, त्या काळात काही मालावर नुसतं 'जर्मनी' असंही असायचं. त्यामुळे 'वेस्ट' दिसलं तर काळ पक्का, नाही दिसलं तर काहीच पक्कं नाही.

आ) पेटंटची अक्षरं. जर्मन वस्तूंवर 'डी.आर.पी.' किंवा 'डी.आर.जी.एम.' असतं. यातला 'आर' म्हणजे राइश, म्हणजे १९४५ पर्यंतचं जर्मन राज्य. 'डी.आर.जी.एम.' ही नोंदणी १८९१ साली सुरू झाली. युद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीत 'आर' जाऊन 'बी' आला : 'डी.बी.पी.', 'डी.बी.जी.एम.'. एका अक्षरात राज्यक्रांती!

इ) काचेवरचं नाव. शॉट कंपनीची काच आधी येना या गावी बनायची. युद्धानंतर ते गाव पूर्व जर्मनीत गेलं आणि कंपनीने १९५२ साली पश्चिमेत माइन्झला नवा कारखाना सुरू केला. म्हणून काचेवर 'माइन्झ' असेल तर ती १९५२ नंतरची. मात्र काच हा सर्वांत आधी फुटणारा भाग. काचेवरून बत्तीचं वय ठरवू नये, फक्त काचेचं ठरवावं.

ई) कंपनीची वर्षखूण. स्वीडनच्या प्रायमस कंपनीने १९११ पासून वर्षाला एक अक्षर दिलं होतं. 'ए' म्हणजे १९११, 'बी' म्हणजे १९१२, असं पुढे. जुन्या प्रायमस स्टोव्हच्या टाकीवर हे अक्षर बघायला मिळतं. अमेरिकेच्या कोलमन कंपनीच्या बत्त्यांच्या बुडाला महिना किंवा सहामाही आणि वर्ष ठोकलेलं असतं. प्रत्येक कंपनी अशी खूण करत नसे, पण बत्ती उलटी करून बघायची सवय मुलांना लावावी. (आधी रॉकेल काढून!)

उ) पत्ता आणि किंमत. खोका किंवा माहितीचा कागद मिळाला तर लॉटरीच लागली. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. 'मुंबई - २' अशी नुसती विभागाची संख्या असेल तर बहुधा त्याआधीचा. किंमत आणे-पैमध्ये असेल तर १९५७ च्या आधीची, कारण १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. टाकीचं माप पिंटात आहे की लिटरमध्ये तेही बघा. मेट्रिक मापं आपल्याकडे १९५८ पासून लागू होत गेली. पत्त्यात 'महाराष्ट्र राज्य' आलं तर १ मे १९६० नंतर.

ऊ) भांड्यावर घातलेलं नाव. हा खास आपल्याकडचा पुरावा. लग्नातली, देवळातली, मंडळाची भांडी असतात तशी बत्तीवरही ठिपक्या-ठिपक्यांनी नावं आणि वर्ष कोरलेलं सापडतं. वर्ष बऱ्याचदा शके असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. मात्र हे वर्ष वस्तू दिल्याचं किंवा घेतल्याचं. बनवल्याचं वर्ष याच्या आधीचं असू शकतं.

या खुणांचा माग काढताना कधीकधी जड इतिहासही हाती लागतो. 'हासाग' हे नाव जुन्या जर्मन दिव्यांवर असतं. लाइपझिगची ही दिव्यांची कंपनी. दुसऱ्या महायुद्धात तिने दारूगोळा बनवला आणि त्यासाठी हजारो कैद्यांना, त्यात असंख्य ज्यू स्त्री-पुरुषांना, जबरदस्तीने राबवलं. मोठ्या वर्गातल्या मुलांना हे सांगावं. वस्तू चांगली म्हणजे ती बनवणाऱ्यांचं सगळंच चांगलं, असं नसतं.

५) वर्गातली एक बत्ती

इयत्ता पाचवीच्या माझ्या वर्गात एका मुलाने घरून बत्ती आणली. त्याचे आजोबा गावच्या भजनी मंडळाचे. 'स्वातंत्र्याच्या आधीची आहे' असं तो छाती पुढे काढून सांगत होता. मुलांनी भिंग घेतलं, वहीत तक्ता केला आणि एकेक भाग तपासला.

वरच्या टोपावर 'जर्मनी' मिळालं. सगळे खूश. मग टाकीवर 'मेड इन इंडिया' मिळालं. वर्ग एकदम गप्प. एक जण म्हणाला, "म्हणजे खोटी आहे!" आणि ज्याची बत्ती त्याचे डोळे भरून आले. काचेवर 'माइन्झ' निघालं. टाकीच्या बुडाला काळ्या थराखाली ठिपके होते. ते कागद ठेवून पेन्सिलीने घासून उमटवले, तर मंडळाचं नाव आणि 'शके १८८९'. मुलांनी फळ्यावर बेरीज केली : १८८९ + ७८ = १९६७.

इथे पाठ संपवला असता तर मुलं एवढंच शिकली असती की म्हातारी माणसं चुकीचं सांगतात. म्हणून दुसऱ्या दिवशी आजोबांना शाळेत बोलावलं. मुलांना आधीच बजावलं होतं : 'खरं आहे का?' असं विचारायचं नाही, 'काय काय बदललं?' असं विचारायचं.

आजोबा बत्ती हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "बाई, वरचा भाग माझ्या वडिलांनी आणलेला. टाकीला चीर गेली तेव्हा आम्ही वर्गणी काढून तालुक्याच्या बाजारातून दुसरी टाकी आणली. त्यावर नाव घातलं. काचा तर किती फोडल्या पोरांनी, मोजल्या नाहीत."

मुलांनी वहीत निष्कर्ष लिहिला तो असा : टोप जर्मनीचा, स्वातंत्र्याआधीचा असू शकेल, पक्कं सांगता येत नाही. टाकी भारतीय, १९६७ च्या सुमारास मंडळाने घेतली. काच १९५२ नंतरची. 'खोटी' हा शब्द ज्याने वापरला होता त्यानेच तो खोडला आणि 'तीन वयांची बत्ती' असं शीर्षक दिलं. आठवण आणि अक्षर एकमेकांविरुद्ध जातात असं वाटतं तेव्हा दोन्ही पुन्हा विचारावीत. वस्तू जितकी उपयोगाची तितकी ती दुरुस्त होत जाते, आणि दुरुस्ती हाही इतिहासच असतो. आजोबांच्या त्या एका वाक्याशिवाय १९६७ ची वर्गणी आम्हाला कळलीच नसती.

६) दुरुस्ती : काय करावं, काय करू नये

बत्ती मिळाली की पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. फोटो काढा, सगळी अक्षरं उतरवून घ्या आणि मगच हात लावा. आपल्याकडे पितळ दिसलं की चिंच आणि राखेने घासायची सवय आहे. देवाच्या भांड्यांना ते ठीक. बत्तीवर मात्र निकेलचा पातळ मुलामा असतो, तो घासून निघून जातो. ठिपक्यांची नावंही घासून घासून पुसट होतात. आधी कोमट पाणी, साबण आणि मऊ फडकं एवढंच वापरा. मुलामा नसलेल्या पितळेला चिंचेचं पाणी लावलंत तर लगेच धुऊन पुसा. फार वेळ भिजत ठेवलं तर पितळ लालसर पडतं.

अमोनिया असलेली साफसफाईची औषधं पितळेला अजिबात नकोत. यामागे आपल्याच देशातली एक गोष्ट आहे. इंग्रजांच्या फौजेत पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवायचे. पावसाळा संपेपर्यंत त्यांना चिरा जायच्या. जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि ठोकून घडवलेल्या पितळेतला ताण, दोन्ही मिळून हे होत होतं. इंग्रजीत याला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडलं, आणि त्यातला सीझन म्हणजे आपला पावसाळा! टाकीही अशीच ठोकून घडवलेली असते. म्हणून बत्ती गोठ्याच्या माळ्यावर ठेवू नये.

पुढचा क्रम असा :

– गच्च बसलेल्या आट्यांना गंज सोडवणारं तेल लावून एक-दोन दिवस थांबा. पकडीने ओरबाडू नका, मापाचा पाना वापरा.
– पंपाचं चामडी वायसर वाळून आकसलेलं असतं. ते मशीनच्या तेलात रात्रभर भिजवा, मऊ झाल्यावर बोटाने कड पसरवा. फाटलं असेल तर नवं बसवा. स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्यांकडे अजून मिळतात.
– झाकणाचं रबर कडक झालेलं असतं, ते बदलाच. साधं रबर रॉकेलमध्ये फुगतं. रॉकेल सोसणारं नायट्राइल रबर मागा.
– टाकी रिकामी आणि कोरडी करून थोडीच हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तिथे गळती. सायकलचं पंक्चर काढतात तसंच.
– टाकीला चीर असेल तर घरी डाग देऊ नका. रॉकेलची वाफ आत राहिलेली असते, भडका उडू शकतो. अशी टाकी फक्त शोभेला ठेवा.

दोष आणि कारणं मुलांना कोड्यासारखी विचारता येतात :

– पंप मारला तरी दाब चढत नाही : वायसर वाळलं आहे किंवा झाकण गळतं आहे.
– पंपाचा दांडा आपोआप वर येतो : तळाची झडप हवा धरत नाही.
– ज्योत पिवळी, मेंटल काळी : नळी नीट तापलेली नाही, वाफेऐवजी रॉकेल वर येतं आहे.
– उजेड धडधडतो : दाब कमी किंवा जनरेटरमध्ये काजळी.

७) सुरक्षितता : इथे तडजोड नाही

शाळेत बत्ती पेटवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भाग दाखवा, रिकाम्या टाकीत पंप मारून दाखवा, तेवढ्यात पाठ पूर्ण होतो. घरी कोणा जाणत्या माणसाने पेटवायची असेल तर उघड्यावर, मुलं चार हात लांब, आणि शेजारी वाळूची बादली ठेवून.

– टाकीत रॉकेलच घाला. पेट्रोल किंवा थिनर कधीच नाही, थोडंसुद्धा मिसळू नका. पेट्रोलच्या वाफेने स्फोट होतो. काही परदेशी बत्त्या पेट्रोलसारख्या इंधनासाठीच बनवलेल्या असतात, त्या कोणत्या हे कळत नसेल तर पेटवूच नका.
– पेटत्या किंवा गरम बत्तीत स्पिरिट किंवा रॉकेल ओतू नका.
– भडका झाला तर झाकणाचा स्क्रू सैल करून दाब सोडायचा असतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याने पेटवू नये.
– बंद खोलीत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.
– जुन्या मेंटलमधलं थोरियम किरणोत्सारी असतं. त्याचं प्रमाण कमी असलं तरी मोडलेल्या मेंटलची पूड श्वासात जाता कामा नये. ती फुंकू नका, झाडू नका. ओल्या कागदाने टिपून पिशवीत बांधा आणि हात धुवा. मुलांच्या हाती जुनी मेंटल देऊच नका. हल्लीच्या बऱ्याच मेंटलमध्ये थोरियमऐवजी यिट्रियम वापरतात.

८) वर्गात घेता येणारे उपक्रम

१. पुराव्यांचा तक्ता : भाग, खूण, कोणत्या वर्षानंतरचा, किती खात्री (पक्कं / असू शकेल / कळत नाही). 'कळत नाही' लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण द्या.
२. शके-इसवी गणित : घरातल्या भांड्यांवरची वर्षं उतरवून आणणे आणि सनात बदलणे.
३. अक्षर उमटवणे : कागद आणि पेन्सिलीने ठसा घेणे. पहिलीची मुलंही करतात.
४. मुलाखत : गावात वीज येण्याआधी बत्ती कुठे कुठे लागायची? वरात, तमाशाचा फड, जत्रा, कीर्तन, कोकणात दशावतार, रात्रीचे खेकडे धरणे. प्रत्येकाला एक आजी किंवा आजोबा.
५. चर्चा : वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणारी माणसं कोण होती? त्यांना काय मिळायचं? फोटोत ती दिसतात का? माझ्या वर्गात सर्वांत जास्त वेळ चाललेली चर्चा हीच. उजेड नवरदेवावर पडायचा, बत्ती धरणाऱ्याचं तोंड मात्र अंधारात असायचं, हे एका मुलीने स्वतःहून सांगितलं.

पालकांना एक विनंती. भंगारवाला पितळेचं वजन करतो, त्यावरची अक्षरं तो मोजत नाही. माळ्यावरची बत्ती देऊन टाकायची असेल तर जरूर द्या, घरात जागा कमी असते हे मलाही कळतं. पण त्याआधी एक दिवस ती मुलांच्या हाती द्या, अक्षरं उतरवून घेऊ द्या आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ त्यांना बसवा. बत्ती कधीही मिळेल, ते माणूस किती दिवस सांगायला असेल ते कोणाला ठाऊक.

आपल्या शाळेत हा पाठ घेतलात तर मुलांना कोणती खूण सापडली, ते मला जरूर कळवा.